बाजारभाव आणायचा कुठून?

सरकारने बँकांची बुडीत कर्जं सरळ बाजारभावाने घ्यावीत म्हणजे वाद मिटला, हे वाचायला बरं वाटतं, पण २००८ मध्ये अमेरिकेत बाजारच गोठला होता, मग भाव आणायचा कुठून? त्या जुलैत मेरिल लिंच या गुंतवणूक बँकेने ३०.६ अब्ज डॉलरचे सीडीओ (म्हणजे कर्जांचे गठ्ठे बांधून केलेले रोखे) डॉलरला २२ सेंटने लोन स्टार या गुंतवणूक कंपनीला विकले आणि त्यातलेही ७५ टक्के पैसे मेरिलनेच उधार दिले, म्हणजे घेणाऱ्याच्या खिशातून गेले साडेपाच सेंट, आता ह्याला भाव म्हणायचं का?

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख बर्नान्की, त्यांचं म्हणणं, कर्ज मुदत संपेपर्यंत ठेवल्यावर जे येईल त्याच्या आसपास द्या. ठीके, पण ते ठरवणार कोण? रिव्हर्स ऑक्शनचं, म्हणजे जो सगळ्यात स्वस्त विकेल त्याच्याकडून घ्यायचं अशा उलट्या लिलावाचं पण तेच, प्रत्येक बाँड वेगळा, आत काय आहे ते विकणाऱ्यालाच जास्त माहीत, मग तो सगळ्यात सडका तोच आधी सरकारच्या गळ्यात मारणार. शेवटी तेव्हाचे अर्थमंत्री पॉल्सनसाहेब, त्यांनी ही कर्जं घ्यायला म्हणून मिळालेल्या ७०० अब्ज डॉलरांतून आधी बँकांचे शेअरच घेतले.

मला आयर्लंडचं नामा, म्हणजे बँकांची बुडीत कर्जं घ्यायला काढलेली तिथली सरकारी संस्था, त्यातल्या त्यात पटतं. ७४ अब्ज युरोची कर्जं ३१.८ अब्जाला, म्हणजे ५७ टक्के कट. बँका रडल्या, पण त्यांच्या हिशोबातलं भोक केवढं आहे ते दिसलं तरी. अर्थात ते बुजवायला परत सरकारच, आयरिश करदाता काय सुटला नाही.