साडेचार महिन्यांच्या बाळाचा पॅसिफायर आत्ताच सोडवावा का? मदत हवी आहे

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. पहिलाच धागा काढतेय, तोही पहाटे पावणेचारला, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगा, साडेचार महिन्यांचा. जन्माला आला तेव्हा 2.8 किलो, आता 6.4. पूर्ण अंगावर पितो. तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी सहा ते नऊ असा काही रडायचा, की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन बघून जायच्या. ओव्याचा शेक, ढेकर, खांद्यावर घेऊन येरझारा, सगळं झालं. गुटी डॉक्टरांनी नको म्हटली होती. शेवटी एका रात्री नवऱ्याने मेडिकलमधून पॅसिफायर (बाळाला चोखायला देतात ती चोखणी) आणला आणि पाच मिनिटांत घर शांत. त्या सिलिकॉनच्या तुकड्याला मी ओवाळायचीच बाकी होते.

आता तोच पायात आलाय. तोंडातून पडला की बाळ जागं. मी उठते, अंधारात चाचपडते, परत तोंडात देते, तो झोपतो. काल मोजलं. रात्री 11 ते पहाटे 5 मध्ये नऊ वेळा. त्यात भुकेने फक्त दोनदा.

माझी रजा 26 आठवड्यांची, दोन आधीच घेतले होते, म्हणजे हातात साडेचार आठवडे. त्यानंतर असं जागून ऑफिसला जाणं मला झेपणार नाही.

घरात तीन माणसं, तीन मतं. आई फोनवर म्हणते फेकून दे, तीन दिवस रडेल. नवरा म्हणतो चाललंय ते कशाला बिघडवायचं. सासूबाई म्हणतात, ‘काढलंस तर अंगठा धरेल, आणि अंगठा काय कपाटात ठेवणार आहेस?’ याला माझ्याकडे खरंच उत्तर नाही.

त्यात कुठेतरी वाचलं की पॅसिफायरमुळे झोपेत बाळ दगावण्याचा धोका कमी होतो. मग आत्ता काढणं चूक ठरेल का? काढायचाच तर एकदम की हळूहळू? कुणी इतक्या लहान बाळाचा सोडवला आहे का?

भाजणी

अगं, नऊ वेळा! आधी एक कप चहा घे.

मी लेकीचा पाच महिन्यांची असताना सोडवला. सगळे सांगतात आधी दिवसाचा सोडव, मग रात्रीचा. माझं उलट झालं. दुपारी झोप कच्ची असते, तेव्हा बाळ हटून बसतं. रात्री पहिल्यांदा निजवताना ते खरंच दमलेलं असतं, तेव्हाच नवी सवय लवकर लागते. म्हणून मी रात्रीपासून सुरुवात केली. अंघोळ, मालिश नाही हं, नुसती कोमट अंघोळ, मग दूध, मग दिवा बारीक, कुशीवर घेऊन थोपटायचं आणि तेच एक गाणं. डोळे जड झाले की पाठीवर ठेवायचं. रडली तर उचललं, पण तोंडात काही दिलं नाही. एकटीला रडत ठेवलं नाही.

एक सांगते, प्रत्येक वेळी ‘पॅसिफायर पडला’ हेच कारण धरू नकोस. चौथ्या महिन्याच्या आसपास बाळांची झोपच बदलते, मधेमधे वर येते. पडला म्हणून जागा होतो की जागा होतो म्हणून शोधतो, हे दोन रात्री नीट बघ.

कडूगोड

सोप्पं आहे. कडुनिंबाचा रस लावा. नाहीतर थोडा मध लावून बोट चोखायला द्या, विसरेल आपोआप.

दंतकथा

कडूगोड, मध अजिबात नको. एक वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळांना बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा, होऊ शकतो. आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या मध चाटवतात म्हणून तो निर्धोक ठरत नाही. आणि कडू लावून साडेचार महिन्यांच्या जीवाला काय कळणार? ते फक्त रडेल.

रात्रपाळी, मी लहान मुलांचे दात बघते, म्हणून त्यापुरतं बोलते. तुमच्या बाळाला अजून दातच नाहीत, त्यामुळे दातांसाठी आत्ता घाई करायचं कारण नाही. सवय दोन-तीन वर्षांच्या पुढे चालू राहिली, की पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकेनासे होतात, मधे फट राहते. त्याआधी सुटली तर बहुतेकदा जबडा स्वतःच सावरतो. कानाचं मात्र लक्षात ठेवा. सहा महिन्यांनंतर सतत पॅसिफायर असेल तर मधल्या कानाचा संसर्ग वारंवार होण्याची शक्यता वाढते, म्हणून सहा महिन्यांनंतर कमी करत आणायला सांगतात.

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. अंगठा खरंच कपाटात ठेवता येत नाही. पण या वयात सगळीच बाळं मुठी तोंडात घालतात. ती सवय नव्हे, तो शोध असतो. लगेच हात ओढू नका.

पलीकडचा_किनारा

मी न्यू जर्सीत असते, दोन मुलं. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की स्तनपान नीट बसलं की झोपताना पॅसिफायर देऊन बघा, कारण त्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी झालेला दिसतो. पण त्याच सल्ल्यात पुढे आहे की बाळ झोपल्यावर तो पडला तर पुन्हा घालायची गरज नाही. हे मला माझ्या डॉक्टरने सांगितलं तेव्हा मी अक्षरशः रडले. तोवर रात्रभर चौकीदारी करत होते!

हा धोका सर्वांत जास्त असतो तो दोन ते चार महिन्यांत. आणि पॅसिफायर असो-नसो, बाकीच्या गोष्टी त्याहून महत्त्वाच्या: पाठीवर झोपवणं, घट्ट गादी, तोंडाजवळ दुपटी-उश्या नाहीत, घरात सिगारेटचा धूर नाही. राईची उशी असेल तर तीही काढ. गळ्यात दोरीने बांधलेला पॅसिफायर तर कधीच नको. तरी सोडवण्याआधी तुझ्या डॉक्टरांना एकदा विचार.

टेकडीवरचा

बाबा लोकांतर्फे एक वेगळी वाट. आम्ही सोडवलाच नाही. कसेबसे आठ महिने काढले. तेव्हा मुलगी स्वतः हाताने उचलून तोंडात घालायला लागली. पाळण्यात चार ठेवले, एक तरी हाताला लागायचा. आम्ही झोपलो. पुढे दीड वर्षाची असताना सोडवताना मात्र नाकी नऊ आले, ते लपवत नाही. म्हणजे एक तर आत्ता, नाहीतर सरळ थांबा. सहाव्या-सातव्या महिन्यात अर्धवट सुरुवात करू नका, तेव्हा हट्टही असतो आणि हातही चालत नाही.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले. वजन उत्तम आहे, सोडवायला हरकत नाही म्हणाले. राईची उशी काढली (त्यावरून वेगळं महाभारत, तो स्वतंत्र धागा होईल).

भाजणीच्या पद्धतीने, पाच रात्रींचा हिशेब. पहिली रात्र 50 मिनिटं, कडेवरच. दुसरी 35. वाटलं जिंकलं. तिसऱ्या रात्री तीन वाजता एक तास रडला. नवरा पॅसिफायर शोधत घरभर फिरत होता. मी तो मुद्दाम वाटाण्याच्या डब्यात ठेवला होता आणि सांगितलं नाही. चौथी रात्र 15 मिनिटं. काल रात्री दोनदाच उठला, दोन्ही वेळा भुकेने. मी सलग साडेतीन तास झोपले! मनगट चोखतो, अंगठा नाही.

गंमत म्हणजे दुपारची झोप. माझ्याकडे वीस मिनिटांत जागा होतो. सासूबाईंकडे दीड तास. त्यांच्या हातात जादू आहे म्हणायचं.

भाजणी

दीड तास? 😄 जरा पाळण्यात बघून ये.

रात्रपाळी

बघून आले. दुसरा पॅसिफायर. निळा. त्यांनी स्वतः जाऊन आणलाय, आणि रोज उकळून पुसून ठेवतात म्हणे.

आधी खूप चिडले. मग त्या म्हणाल्या, ‘तू गेल्यावर दिवसभर मीच आहे ना?’ आता सांगा, रात्री नाही आणि दुपारी आहे, असं चालतं का? की केलेलं सगळं पाण्यात जाईल?

भाजणी

चालतं गं. आमच्याकडेही गाडीत पॅसिफायर होता आणि घरात नाही, बाळांना हा फरक कळतो. रात्री मात्र कुणीही द्यायचा नाही, एवढं त्यांच्याशी ठरवून टाक. दुपारचं त्यांचं त्या बघतील.

रात्रपाळी

ठरवलं. निळा त्यांच्या खोलीत राहणार, रात्री आठनंतर बाहेर नाही. आता निजते, दहा वाजलेत.