'धडक'चे 'घडक' होऊ नये यासाठी ठळक, कोनदार अक्षरे कशी घडवावीत?

पेठकर:
नमस्कार. आमच्या पेठेतील तालमीच्या फुटबॉल संघाची नवी जर्सी आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमबाहेर लावायचा फलक यांसाठी मी ठळक, कोनदार देवनागरी अक्षरे शोधत आहे. घोषणा 'धडक' या एकाच शब्दाची आहे. एका इंग्रजी फॉन्टच्या धर्तीवर मी सगळी वळणे सरळ कापली, जाडी वाढवली आणि नमुना छापून आणला, तेव्हा रस्त्यापलीकडून मुलांनी तो 'घडक' असा वाचला. तयार फॉन्ट घ्यावा की अक्षरे स्वतः रेखाटावीत?

अक्षरजुळणी:
आपली चूक जाडी वाढवण्यात झालेली नाही, ती 'ध'च्या गाठीपाशी झाली आहे. 'घ'वर शिरोरेषा सलग जाते, तर 'ध'च्या डावीकडे ती तुटते आणि तेथे लहानशी गाठ असते. 'भ' आणि 'म' यांच्यातला फरकही याच जागी आहे. अक्षर ठळक करताना गाठ भरून जाते, फट बुजते आणि वाचणाऱ्याच्या हाती दुसरेच अक्षर पडते. म्हणून आधी ती फट मोठी ठेवा, गाठीच्या जागी तिरका खाचा घ्या आणि मगच बाकीचे कोन ठरवा.

तयार फॉन्ट हवा असल्यास इंडियन टाइप फाउंड्रीचे टेको आणि खंड पाहावेत. टेको चौकोनी घाटाचा आहे, खंड अरुंद आहे. दोन्ही पाच वजनांत (जाडीच्या पाच पायऱ्यांत) मिळतात आणि मुक्त परवान्याखाली असल्यामुळे जर्सीवर छापण्यास अडचण नाही. तरी एका शब्दाच्या बोधचिन्हासाठी मी स्वतः रेखाटण्याचाच आग्रह धरीन.

बोर्डवाला:
मी अनेक वर्षे हाताने बोर्ड रंगवले आहेत. बाबूराव पेंटरांच्या या गावात चपट्या ब्रशने अक्षर काढायला शिकणाऱ्याला कोन वेगळा शोधावा लागत नाही, कारण ब्रश तिरका धरला की फटकाऱ्याच्या दोन्ही टोकांना तो आपोआप येतो. आपण मात्र गोल अक्षर आधी काढून नंतर कापले, म्हणून ते ओढूनताणून केल्यासारखे दिसत असावे. 'ड'ची वळणे मोडली तरी तो ओळखू येतो. 'क'चे पोट मात्र फार चेपू नका. आणखी एक गोष्ट: आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड काढली तर डोळ्यांना ती अधिक जाड भासते, तेव्हा शिरोरेषा किंचित बारीक ठेवावी.

अक्षरजुळणी:
फलकावर पुढे सामन्यांची माहिती दोन ओळींत येणार असेल, तर ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीचा कंपोजर (अक्षरे जुळवणारी सोय) निवडल्याशिवाय जोडाक्षरे नीट जुळत नाहीत. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आले आहेत का, हेही तपासा, आणि फ्लेक्सवाल्याकडे फाइल देण्यापूर्वी मजकुराचे आउटलाइन (अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर) करून घ्या.

पेठकर:
दोघांचेही मनापासून आभार. शिरोरेषा तोडून आणि गाठीच्या जागी खाचा घेऊन 'ध' पुन्हा काढला, कागद भिंतीवर लावला आणि त्याच मुलांना त्याच जागेवरून वाचायला सांगितले. या वेळी सगळ्यांनी 'धडक' असेच वाचले. 'क' अजून अवघडलेला दिसतो, म्हणून आज तो चपट्या ब्रशने काढून पाहतो.