मदत हवी आहे : पणजोबांच्या तलाठी नेमणुकीची नोंद कुठं मिळेल?

शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतनं (गावचे हिशेब ठेवायचा वंशपरंपरागत हक्क) बंद करून पगारी तलाठी नेमले, त्यात आमचे पणजोबा होते असं घरात सांगतात. साल मानमोडीच्या तापाचं, म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचं म्हणे, म्हणजे तेही जुळतं. हाताशी मोडीतला एकच कागद, नेमका नावाचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. जाणकाराकडून वाचून घेतला. 'सन 1328 फसली' लागलं, फसली हे महसुली साल, म्हणजे 1918-19. गाव करवीर तालुक्यातलं. तहसील कचेरीत विचारलं, संस्थानकाळातलं इथं काही नाही म्हणाले. जातीच्या दाखल्यासाठी नकोय, नेमणूक खरी का एवढंच बघायचंय. कोल्हापूर पुराभिलेखागारात अर्ज करताना हुजूर हुकूम (महाराजांचे आदेश) मागायचे की महसुली दप्तर? आणि नावावरून शोधून देतात, की गाव आणि फसली सालच द्यावं लागतं?