मदत हवी आहे: बाणकोटच्या तहातल्या गावांची मोडी यादी

फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज कंपनीने मिळून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. आरमार जळालं, किल्ला मात्र इंग्रजांनी दाबून ठेवला. ऑक्टोबरच्या तहात बाणकोट आणि भोवतालची गावं पदरात पडल्यावरच तो सोडला. दक्षिण कोकणात त्यांचे पाय रोवले गेले ते तेव्हाच, १८१८ ला नव्हे, असं माझं ठाम मत.

त्या गावांची मोडी यादी कुणी पाहिली आहे का? पेशवे दफ्तरातला कोणता रुमाल (कागदांचं गाठोडं) मागावा? शोधताना सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली, अरबी अंकशब्दांत लिहिली जाणारी कालगणना) ११५७, म्हणजे ‘सबा खमसैन मया व अलफ’, बघावा. इसवी सन काढायला त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. सरसकट ६०० धरले की हाच तह १७५७ मध्ये जाऊन बसतो. रुमालाचा क्रमांक कळला तरी पुरे.