शिंपल्यांची पिल्ले उन्हाळ्यात मरत आहेत : हौदासाठी सल्ला हवा

तळेकाठ (भंडारा) :
नमस्कार मंडळी. मोत्यांच्या शेतीसाठी मी गोड्या पाण्यातील शिंपले पाळतो. यंदा प्रथमच नदीतून शिंपले न आणता हौदातच पैदास करून पाहिली. रोहू माशाच्या बोटुकल्यांच्या (बोटभर पिल्लांच्या) कल्ल्यांना चिकटलेल्या शिंपल्यांच्या अळ्या यथाकाल गळून तळाशी बसल्या आणि मार्चअखेर दोन-तीन मिलिमीटरची पिल्ले गाळात दिसू लागली. एप्रिलच्या मध्यापासून मात्र रोज सकाळी पांढऱ्या, उघड्या, रिकाम्या शिंपा सापडतात. मोठ्या शिंपल्यांना काहीही झालेले नाही. हौद सिमेंटचा असून त्यात अडीच फूट बोअरचे पाणी आहे. सकाळी सामू (पीएच) ८ आणि दुपारी वरच्या पाण्याचे तापमान ३३ अंश सेल्सिअस भरते. शेवाळ वाढावे म्हणून दर आठवड्याला शेणकाला घालतो. शेडनेट लावावे की पाणी बदलावे?

पाणवठा :
शेडनेट आजच लावा. पाणी एकदम बदलू नका.

गाळवाचक :
शेडनेटबद्दल सहमत आहे, पण केवळ ३३ अंशांमुळे पिल्ले मेली असे मला वाटत नाही. अमेरिकेतील काही जातींच्या पिल्लांवर प्रयोगशाळेत झालेल्या चाचण्यांत ९६ तासांत निम्मी पिल्ले दगावण्याचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास आढळले. आपली जात वेगळी, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये. शिवाय त्या चाचण्या स्वच्छ पाण्यात होतात, आणि आपल्या हौदात शेणकाला आहे.

मोठा शिंपला वरचे पाणी ओढून गाळतो. पिल्लू मात्र गाळाच्या वरच्या सेंटिमीटरभर थरात पुरलेले असते आणि पायाने कण ओढून खाते, म्हणजे त्याचे पाणी ते गाळातले पाणी. शेण कुजते तिथेच, प्राणवायू संपतो तिथेच आणि अमोनियाही तयार होतो तिथेच. उष्णता या साऱ्याला हातभार लावते. पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. आणि नेमकी तेव्हाच पिल्लाची गरज वाढलेली असते. अमोनियाचे गणित याहून वाईट आहे. सामू ८ असताना एकूण अमोनियापैकी विषारी भाग २० अंशांना सुमारे ४ टक्के असतो, तो ३० अंशांना साडेसात होतो. दुपारी हिरव्यागार पाण्यात शेवाळ कर्बवायू शोषून घेते, सामू ९ पर्यंत चढू शकतो, आणि मग हाच भाग ४५ टक्क्यांच्या घरात जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१३ मध्ये गोड्या पाण्यातील अमोनियाच्या मर्यादा कडक केल्या, त्यामागे प्रामुख्याने शिंपल्यांची अमोनियाबाबतची ही संवेदनशीलता होती.

म्हणून शेणकाला आधी थांबवा. प्राणवायू पहाटे साडेपाचला मोजा आणि सामू दुपारी तीनला. दोन्ही वेळा नमुना नळीने थेट गाळालगतचा ओढा. वर तरंगणारा तापमापक पाहून काहीच कळणार नाही.

चंदेरी शिंप :
एक भर घालतो. हौद फार थंड करण्याच्या मागे लागू नये, कारण खाद्य पुरेसे असेल तर उबदार पाण्यात पिल्ले भराभर वाढतात. पिल्लू जिवंत आहे का, हे बशीत थोडे पाणी घेऊन भिंगाखाली पाहावे : निरोगी पिल्लू काही मिनिटांत पांढुरका पाय बाहेर काढून सरकू लागते, आणि त्रासलेले शिंप मिटून बसते. मिटून बसलेले पिल्लू खात नाही, त्यामुळे उष्म्याची लाट ओसरल्यावरही ते उपासाने मरू शकते.

तळेकाठ :
सर्वांचे आभार. आज मोजले. पहाटे वरच्या पाण्यात प्राणवायू ५.२ मिलिग्रॅम आणि गाळालगत १.८, दुपारी सामू ८.९. शेणकाला बंद केला आहे. पाण्यात हवा सोडणारा एअरेटर आहे, पण मी तो दिवसाच चालवत होतो.

गाळवाचक :
तो रात्री दहा ते सकाळी सात चालवा. त्याचा एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) तळापासून वीतभर वर टांगा, नाहीतर गाळ ढवळून पिल्ले उघडी पडतील. बोअरचे पाणी रोज संध्याकाळी झारीने शिंपडत फक्त दोन-तीन इंच बदला, म्हणजे त्यात हवा मिसळेल आणि तापमानाचा झटकाही बसणार नाही. चार दिवसांनी पहाटेचा आकडा इथे कळवा.