गॅस लाइन बंद, डाळ कच्ची

कुलकर्णी काकू, ए ४०१: पाटील साहेब, गॅस आज येणार की नाही? सकाळपासून शेगडी बंद. मुलाने पाठवलेला इलेक्ट्रिक कुकर लावला तर तूरडाळ टचटचीत. शिट्टी एकही नाही, आणि २० चा आकडा तसाच अडकून बसला, खाली सरकेना. शेवटी बंद केला. पाहुणे साडेआठला येणार आहेत.

पाटील (सेक्रेटरी): काकू, कंपनीची माणसं खाली व्हॉल्व्ह बदलत आहेत. संध्याकाळी सातपर्यंत होईल म्हणतात.

देसाई, सी २०२: नोटीस आदल्या दिवशी लावायला काय हरकत होती?

पाटील (सेक्रेटरी): सोमवारीच लावली होती, तिन्ही लिफ्टमध्ये. ग्रुपवरही आहे, कृपया वर जाऊन वाचावे.

माधुरी, बी २०३: काकू, या कुकरला शिट्टी नसतेच. यात मिनिटं मोजायची, तीही झाकणावरची छोटी पिन वर येऊन झाकण लॉक झाल्यापासून. त्याआधीची दहा-पंधरा मिनिटं वाफ धरण्यात जातात. आकडा सरकला नाही म्हणजे दाब तयारच झाला नाही. झाकणाच्या कडेने वाफ येत होती का?

कुलकर्णी काकू, ए ४०१: हो गं, एका बाजूने फसफस चालली होती.

साठे काका, ए १०२: सर्वांना सूचना. इलेक्ट्रिक कुकर १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये.

माधुरी, बी २०३: मग रिंग बसलेली नाही. झाकण उलटं करा. सिलिकॉनची रिंग तारेच्या कड्यामागे सगळीकडून सारखी गेली पाहिजे. दोन बोटांनी ढकलली तर जागच्या जागी फिरते, ती बरोबर. एका ठिकाणी फुगली असेल तर तिथूनच वाफ जाते. मग पिन बघा. तिला आतल्या बाजूने छोटी रबरी टोपी असते, ती धुताना निसटून सिंकमध्ये जाते. टोपी नसेल तर पिन वर टिकणारच नाही. आणि वाफेची नॉब "सीलिंग"कडे आहे ना?

निखिल, सी ५०४: काकू, फोटो टाका झाकणाचा.

देसाई, सी २०२: कंपनीची गाडी माझ्या पार्किंगमध्ये उभी आहे. कोणाच्या परवानगीने?

पाटील (सेक्रेटरी): देसाई, मीटर तिथेच आहेत. अर्ध्या तासात काढतील. आपली गाडी तोवर व्हिजिटर पार्किंगला लावावी ही विनंती.

देसाई, सी २०२: व्हिजिटर पार्किंगला कोणाची गाडी कायमची असते ते सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

कुलकर्णी काकू, ए ४०१: रिंग एका बाजूने वर आली होती. बसवली आता. टोपी आहे. माझा कुकर शिट्टीवरचा, तीन डब्यांचा. तेच डबे यात जातील का?

माधुरी, बी २०३: तीन नाही जाणार. ६ लिटरच्या आतल्या भांड्याचा व्यास साधारण २२ सेंमी, खोली १५-१६. त्यात १८-१९ सेंमी रुंदीचे, सहा-सात सेंमी उंचीचे दोनच डबे बसतात. तळाला दीड वाटी पाणी, त्यावर जाळीची तिवई, मग डाळीचा डबा, वर भाताचा. डब्यात शिजवताना वेळ वाढतो, कारण आधी डबा तापावा लागतो. भिजवलेल्या डाळीला १४-१५ मिनिटं द्या, भात त्यात मऊच होतो, वरणाबरोबर चालतो. मोकळा भात हवा तर वेगळा लावा. बासमती २० मिनिटं भिजवून, वाटीला सव्वा वाटी पाणी, ५ मिनिटं. शेगडीवर दोन वाट्या घालतो तसं घातलं तर लगदा होतो, कारण इथे वाफ बाहेर जातच नाही.

कुलकर्णी काकू, ए ४०१: आणि डाळ थेट भांड्यातच शिजवली तर?

माधुरी, बी २०३: वाटीभर डाळ अर्धा तास भिजवून, तीन वाट्या पाणी, हळद, चमचाभर तेल. तेलाने फेस कमी येतो. १० मिनिटं. मग नॉबला हात न लावता १० मिनिटं तशीच ठेवा. लगेच वाफ सोडली तर डाळीचा फेस नॉबमधून उडतो आणि आतल्या जाळीच्या टोपीत अडकतो. पुढच्या वेळी ती जाळी तुंबलेली असते. ती ओढून निघते, दर वेळी धुवायची.

साठे काका, ए १०२: पुन्हा सांगतो. १६ अँपिअर सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

निखिल, सी ५०४: काका, १००० वॅट म्हणजे सव्वाचार अँपिअर. ६ चा सॉकेट पुरतो की.

साठे काका, ए १०२: हिशेबाने पुरतो. आपल्या फ्लॅटमध्ये ओट्यावरचे ६ चे सॉकेट मिक्सर आणि फ्रिजच्याच वायरवर आहेत, आणि जुने, सैल झालेले आहेत. सैल कॉन्टॅक्टवर अर्धा-पाऊण तास सव्वाचार अँपिअर गेले की पिन तापते आणि प्लास्टिक वितळते. बी विंगला काय झाले ते आठवा. पाच जणांनी वाचले नाही म्हणून दहा वेळा लिहीन.
शिवाय आज सगळ्यांची इंडक्शन एकदम सुरू आहेत. माझ्याकडे आता व्होल्टेज १९५ दिसते आहे. २३० ला १००० वॅट देणारा कुकर १९५ ला ७२० च्या आसपासच देतो. पिन वर यायला उशीर होईल, घाबरून मध्ये झाकण उघडायला जाऊ नये. आत गरम पाणी घातले तर वेळ वाचेल.

माधुरी, बी २०३: हे काका अगदी बरोबर बोलले. पाणी किटलीत उकळून घ्या.

देसाई, सी २०२: डाळ न शिजण्याचं खरं कारण कोणी बोलत नाही. टँकरचं पाणी. दोन महिने सांगतोय.

पाटील (सेक्रेटरी): टँकरचा विषय मीटिंगमध्ये.

माधुरी, बी २०३: यात तथ्य आहे पाटील साहेब. टँकरमधून येणाऱ्या बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या सालीतलं आणि पेशींमधलं पेक्टिन, म्हणजे पेशी चिकटवून ठेवणारा पदार्थ, घट्ट धरून ठेवतं. डाळ जुनी असेल तर आणखी वाईट. भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या. नसेल तर वाटीभर डाळीला अगदी चिमूटभर खाण्याचा सोडा, जास्त घातला तर चव साबणासारखी लागते. आणि चिंच, आमसूल, टोमॅटो, गूळ सगळं डाळ शिजल्यावर. आंबट आधी पडलं की डाळ अडून बसते.

देसाई, सी २०२: धन्यवाद. निदान एकाने तरी मान्य केलं.

पाटील (सेक्रेटरी): पाणी जड आहे हे मी कधी नाकारलं? पैसे किती लागतील ते विचारलं की सगळे गप्प होतात.

शेख भाभी, बी ३०१: दादा, भांडण नंतर. माधुरी, मटणाचा मसाला परतून पाणी घातलं तर माझ्याकडे "बर्न" येतं आणि बंद पडतं. ते का?

माधुरी, बी २०३: भाभी, परतलेला कांदा-मसाला तळाला धरतो. खाली मधोमध स्प्रिंगवर सेन्सर असतो, त्याला तळ नको तितका तापलेला दिसतो आणि तो हीटर तोडतो. परतून झालं की मशीन बंद करा, अर्धी वाटी गरम पाणी घाला आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडून मोकळा करा. मग मटण, मग बाकीचं पाणी. एकूण पातळ वाटीभर, म्हणजे २५० मिली तरी हवंच. टोमॅटोची प्युरी वरून सोडा, ढवळू नका. हाडाच्या मटणाला २५ ते ३० मिनिटं आणि वाफ आपोआप उतरू द्या. एकदम सोडली तर मांस चिवट होतं.

शेख भाभी, बी ३०१: शेगडीवर २० मध्ये होतं ना?

साठे काका, ए १०२: शेगडीवरच्या कुकरचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १०० किलोपास्कल जास्त, या इलेक्ट्रिक कुकरांचा बहुतेक ७०. आपल्या पुण्यात उघडे पाणी ९८ अंशाला उकळते. शेगडीवरच्या कुकरात ते १२० च्या जवळ जाते, यात ११५ च्या आसपास. म्हणून वेळ जास्त.

निखिल, सी ५०४: मी रात्री राजमा स्लो कुकला लावून झोपायचा विचार करतोय. सकाळी तयार.

माधुरी, बी २०३: निखिल, नको. राजमा कधीही स्लो कुकला लावू नकोस. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते मंद आचेवर मरत नाही. उलट्या होतात, त्रास होतो. रात्रभर भिजवायचा, ते पाणी टाकून द्यायचं, ताज्या पाण्यात दाबावर २५ मिनिटं. छोल्यांना २० पुरतात. मोड आलेल्या मटकीला २, नाहीतर पीठ होतं. भांडं कडधान्याला अर्ध्याच्या वर भरायचं नाही, बाकी पदार्थांना दोन तृतीयांशपर्यंत.

निखिल, सी ५०४: बापरे. बरं झालं विचारलं. मी ३ लिटरचा बघतोय, फार स्वस्त आहे एका साइटवर.

माधुरी, बी २०३: दोघांना ३ पुरतो, पण डबे बसत नाहीत. चौघांना ६. आतलं भांडं स्टीलचं बघ, तळ जाड थरांचा. नॉनस्टिकवर फोडणी करता करता कोटिंग जातं, मग ते भांडंच बदलावं लागतं. आणि मिनिटं हाताने घालता येतील असाच घे. नुसती "राईस", "दाल" बटणं असतील तर आपल्या डाळीचं आणि त्यांच्या डाळीचं जमत नाही.

साठे काका, ए १०२: स्वस्तात अनोळखी माल घेऊ नये. प्रेशर कुकरला आयएसआय खूण २०२१ पासून सक्तीची झाली आहे आणि त्याविना कुकर विकणाऱ्या साइटवर केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२२ मध्ये कारवाईही केली. बुडाचे लेबल वाचावे. तीन पिनांची, अर्थिंगवाली वायर हवी. आणि सॉकेट १६ अँपिअरचा.

देसाई, सी २०२: काका 🙏 पाठ झालं.

शेख भाभी, बी ३०१: रिंगला मटणाचा वास राहतो, दुसऱ्या दिवशी खीर केली तर खिरीलाही येतो.

माधुरी, बी २०३: दोन रिंगा ठेवा भाभी, एक तिखटाची, एक गोडाची. सिलिकॉन वास धरतंच. भांड्यात वाटीभर पाणी, लिंबाची सालं घालून पाच मिनिटं वाफवलं की बराच उतरतो. झाकण कधी लावून ठेवायचं नाही, उलटं ठेवायचं. आणि ओट्यावरच्या कपाटाखाली वाफ सोडू नका, प्लाय फुगतो. कुकर पुढे ओढून नॉब लांब डावाच्या दांड्याने फिरवायची, तोंड बाजूला ठेवून.

कुलकर्णी काकू, ए ४०१: पिन आली गं वर! १० आकडा सरकायला लागला. ९ झाला.

माधुरी, बी २०३: छान. संपलं की तो आपोआप "वॉर्म"वर जाईल. तोपर्यंत आमसूल भिजत घाला.

पाटील (सेक्रेटरी): गॅस टेस्टिंग सुरू होत आहे. सर्वांनी शेगडीच्या सगळ्या नॉब बंद आहेत ना ते पाहावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मी लिहीपर्यंत लायटर लावू नये.

निखिल, सी ५०४: रिंगा मागवतोय, कोणाला हव्यात? ब्रँड आणि लिटर नको, बुडाच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पाठवा. दोन मिलीमीटरचा फरक असला तरी बसत नाही.

शेख भाभी, बी ३०१: माझ्या दोन. नंबर पाठवते.

देसाई, सी २०२: माझी एक. आणि पार्किंग अजून मोकळं झालेलं नाही.