सिनेबेंचचा स्कोअर सारखा, मग स्वस्तातला प्रोसेसर घेऊ का? (स्कूबा व्हिडिओ एडिटिंग)

दांडी_किनारा: मंडळी, आमचा मालवणात स्कूबाचा धंदा आहे. पर्यटकाला गाडी सुटायच्या आत व्हिडिओ पेनड्राइव्हवर हवा असतो आणि आत्ताच्या पीसीवर गोप्रोची फोरके क्लिप नुसती अडकत अडकत चालते. दुकानदार म्हणतो इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर घ्या, साध्या १२४०० एवढाच सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजायची टेस्ट) स्कोअर आणि स्वस्त, सोबत जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड टाकून देतो. ह्या आकड्यांवर विश्वास ठेवू का?

कुडाळचो_मेकॅनिक: दादा, मिया सांगतंय ता आयका, ऑर्डर देऊ नका अजून. स्कोअर सारखाच येणार, दोन्हीत तेच ६ कोर (काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं) आहेत, पण सिनेबेंच बघतं ते थ्रीडी चित्र रेंडर करताना कोर किती पळतात एवढंच. गोप्रोच्या फोरके फाइली बहुतेक एचईव्हीसी म्हणजे खूप दाबून लहान केलेल्या व्हिडिओच्या असतात, त्या उलगडायला साध्या १२४०० मधल्या ग्राफिक्सला क्विक सिंक नावाची खास सोय आहे, एफमध्ये ते ग्राफिक्सच बंद केलेलं असतं आणि जीटी ७१० ला एचईव्हीसी जमत नाही, म्हणजे सगळा भार परत कोरांवर. आत्ताच्या पीसीवर क्लिप चालवून टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू म्हणजे ग्राफिक्सखाली 'व्हिडिओ डीकोड' (व्हिडिओ उलगडायचं काम) बघा, रेघ शून्यावर पडून असेल तर दुखणं तिथेच आहे.

देवगड_कोडर: पटलं, पण म्हणून बेंचमार्क म्हणजे असल्या वेगाच्या टेस्ट खोट्या म्हणू नका हां. मी दिवसभर कोड कंपाइल करतो (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवतो), गीकबेंच ६ ह्या दुसऱ्या बेंचमार्कमध्ये क्लँग ह्या कंपायलरची कंपाइल टेस्टच आहे, ती माझ्या कामाच्या जवळची, मला उपयोगी पडते. एकूण स्कोअर सोडा, आत आपल्या कामाची टेस्ट आहे का ते शोधा. कंपन्या टेस्टपुरतं सॉफ्टवेअर घासूनपुसून ठेवतात हेही खरंच, २०२४ मध्ये स्पेक ह्या बेंचमार्क बनवणाऱ्या संस्थेने इंटेलच्या झिऑन ह्या सर्व्हर प्रोसेसरचे २६०० च्या वर निकाल बाद ठरवले, कंपायलर एका टेस्टसाठी खास जुळवला होता म्हणून.

रत्नांग्री_पीसी: कूलरचंही बघा. १२४०० ची बेस पॉवर ६५ वॅट, टर्बोत म्हणजे जोरात पळताना ११७ पर्यंत जातो. एसीच्या दुकानात एक रन मारला की आकडा झकास दिसतो, पण तुमचं एक्सपोर्ट (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासून चालणार. सिनेबेंच आर२३ मध्ये १० मिनिटांची टेस्ट आहे ती लावायला सांगा आणि प्रोसेसरचा क्लॉक स्पीड किती खाली येतो ते बघा. समुद्राजवळ कूलरच्या धातूच्या पात्यांवर खार आणि धूळ चिकटते, सीझनच्या आधी साफ कराच.

दांडी_किनारा: रेघ शून्यावरच आहे हो! एफ नको मग. उद्या आमचंच गोप्रोचं मेमरी कार्ड घेऊन दुकानात जातो, त्यांच्या साध्या १२४०० वर आमची क्लिप लावून बघतो.

कुडाळचो_मेकॅनिक: बेस्ट. एडिटिंगला प्रीमियर सॉफ्टवेअर असेल तर सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंगची टिक बघून घ्या, आणि रॅमच्या दोन पट्ट्या टाका, एक नको.